धूर कुठे जातो

ऊस तुटून गेल्यावर फडात गुडघाभर पाचट राहतं. शेवटची गाडी रस्त्याला लागते, टोळी पुढच्या फडाकडे सरकते आणि दोन-चार दिवसांत कुणीतरी संध्याकाळी बांधावर येतं, वारा पडलाय ना ते बघतं आणि काडी लावतं. जानेवारी-फेब्रुवारीत कृष्णा-वारणेच्या काठानं दिवस मावळताना फिरलं, तर एका नजरेत असे चार-पाच जाळ दिसतात. एकरभर पाचट जळायला फार वेळ लागत नाही. धूर मात्र लवकर जात नाही. तो थोडा वर चढतो, छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो आणि रात्री गावावर उतरतो. सकाळी दार उघडलं की तोच वास घरात येतो.

काडी लावणारा माणूस बेफिकीर नसतो, हे आधी सांगायला हवं. संध्याकाळची वेळ त्यानं मुद्दाम निवडलेली असते. दुपारी वारा वाहत असतो, पाचट करकरीत वाळलेलं असतं आणि शेजाऱ्याचा उभा ऊस बांधापलीकडेच असतो. एक ठिणगी तिकडे गेली तर वर्षभराचं पीक जातं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर मागे लागतं. संध्याकाळी वारा पडतो, हवेत गारवा येतो, जाळ आवाक्यात राहतो. आगीच्या दृष्टीनं ही निवड शहाणपणाची आहे. धुराच्या दृष्टीनं मात्र दिवसातली याहून वाईट वेळ नाही. आग सांभाळायची वेळ आणि धूर सांभाळायची वेळ एकमेकींच्या विरुद्ध आहेत. शेतातल्या धुराचा सगळा गुंता इथून सुरू होतो, म्हणून आधी तोच उलगडून पाहू.

धूर वर जातो तो गरम असतो म्हणून. गरम हवा भोवतालच्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती उचलली जाते. उचलली जाताना ती पसरते आणि निवते. भोवतालची हवा आपल्यापेक्षा थंड आहे तोवर तिचा प्रवास चालू राहतो. एरवी जमिनीपासून वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी. त्यामुळे दिवसा धुराला वर जायला वाट मोकळी असते. हिवाळ्यात सूर्य मावळला की चित्र उलटतं. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीतली उष्णता वेगानं आभाळात निघून जाते. जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार पडते आणि तिच्यावरची हवा मात्र अजून कोमट असते. खाली थंड आणि वर उबदार असा हा उलटा थर म्हणजे वातावरणाला बसलेलं झाकण. धूर वर जाता जाता निवतो, त्या कोमट थराला भिडतो आणि तिथंच अडतो. छताला टेकल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

हे झाकण सकाळी उठेपर्यंत तसंच असतं. ऊन चढायला लागलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा ढवळायला लागते आणि नऊ-दहाच्या सुमारास झाकण खालून विरघळू लागतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ही ढवळण सगळ्यांत उंच पोचते. जमिनीपासून जेवढ्या उंचीपर्यंत हवा अशी मिसळते, तिला हवामानशास्त्रज्ञ मिश्रणाची उंची म्हणतात. या उंचीला वाऱ्याच्या वेगानं गुणलं की वायुवीजनाचा निर्देशांक मिळतो. धूर किती मोठ्या हवेत विरळ होईल, त्याचं ते माप आहे. दिल्लीसाठी हवामान खातं रोज हा आकडा देतं. तो सेकंदाला ६००० चौरस मीटरच्या खाली असेल आणि सरासरी वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर प्रदूषण पांगायला हवा प्रतिकूल, असा निकष आहे. आपल्या फडासाठी मनातल्या मनात हिशोब करून बघा. दुपारी मिश्रणाची उंची १५०० मीटर आणि वारा सेकंदाला ४ मीटर धरला, तर गुणाकार ६००० येतो. रात्री तीच उंची २०० मीटर आणि वारा १ मीटर धरला, तर उरतात २००. तेवढाच धूर तिसाव्या हिश्श्याच्या हवेत कोंडला गेला.

नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट आहे. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. रात्री माळावरची, टेकाडावरची गार हवा ओढ्या-ओघळींनी हळूहळू नदीकडे उतरते. आपली जुनी गावं नदीकाठीच वसलेली आहेत. माळाकडच्या फडात संध्याकाळी सातला पेटवलेलं पाचट रात्री अकराला खालच्या गावात खोकला उठवतं. पेटवणाऱ्याला ते दिसतही नाही, कारण तो तोवर घरी जेवून झोपलेला असतो.

आता हा धूर कशाचा असतो ते पाहू. पाचट पूर्ण जळलं असतं तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघाली असती आणि मागं राख राहिली असती. डोळ्यांना दिसतो तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं पाचट: काजळी, डांबरासारखे चिकट थेंब, कार्बन मोनॉक्साइड. भाताच्या काडासाठी भारतात नेहमी वापरला जाणारा अंदाज असा आहे की एक टन काड जळालं की सुमारे ३ किलो कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड आणि १४६० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि १९९ किलो राख उरते. पाचटाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण ध्यानात येतं. तीन किलो कण ऐकायला किरकोळ वाटतात. पण यांतले बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्याच्या विसाव्या हिश्श्याहून लहान. नाक त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणूनच त्यांची मर्यादा हवेच्या एका घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम चालतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली मर्यादा १५ आहे. एका किलोत एक अब्ज मायक्रोग्रॅम असतात, हे आठवलं की ते तीन किलो पुन्हा नीट दिसू लागतात.

हा धूर सगळ्यांत आधी कोण घेतं? फडाच्या कडेला किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून आलेली ही कुटुंबं पहाटेपासून कोयता चालवून संध्याकाळी कोपीपाशी परततात, बाई चूल पेटवते, लेकरं उघड्यावर खेळत असतात. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या रानात पाचट पेटतं. कोपीला दार नाही, खिडकी लावून घ्यायची सोय नाही. गावातल्या पक्क्या घरात बसून धुराबद्दल बोलताना मला ही माणसं आधी आठवतात.

धूर कमी होईल असं जाळता येतं का? येतं, काही प्रमाणात. आणि त्याची अक्कल आपल्याकडे फार जुनी आहे. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. तळाला शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर झाडाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा पातळ थर. माती टाकायची ती पाला उडू नये आणि जाळ भडकू नये म्हणून. पेटवायचं वारा ज्या टोकाकडे जातोय त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, पावलापावलानं सरकते. राब भाजणाऱ्याला जमिनीला ऊब द्यायची असते, तणाचं बी मारायचं असतं. त्याचा हेतू धुराचा नसतो. पण वाऱ्याच्या उलट लावायचा नियम धुरालाही लागू पडतो. वाऱ्याबरोबर पळणारी आग पाचटाच्या वरवरून जाते, खालचं अर्धवट ठेवते आणि मागं धुमसत राहतं. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग एका जागी जास्त वेळ राहते, तळापर्यंत जाळते, म्हणून धूर कमी करते.

दुसरं, ओलं जाळायचं नाही. जाळ आहे तिथं धूर कमी, धग आहे तिथं धूर जास्त, हे चुलीपुढं बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि लाकूड कुढत जळतं. हिवाळ्यात सकाळी पाचटावर दव असतं आणि संध्याकाळी सातनंतर ते पुन्हा सादळायला लागतं. म्हणजे ज्या वेळी झाकण खाली असतं, त्याच वेळी पाचटही धूर करायला टपलेलं असतं. अकरा वाजता दव उडालेलं असतं, झाकण उठलेलं असतं. धुराच्या हिशोबानं अकरा ते तीन हीच वेळ. पण तीच वेळ आगीच्या हिशोबानं जिवावरची, आणि आपण फिरून पहिल्या गाठीशी आलो.

ही गाठ सोडवायचा सगळ्यांत मोठा आणि शिस्तशीर प्रयत्न अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात झाला. तिथं विलामेट नदीचं खोरं आहे, दोन डोंगररांगांच्या मध्ये. लॉनच्या आणि चाऱ्याच्या गवताचं बी पिकवण्यात हे खोरं जगात अग्रेसर आहे. बी झाडून घेतल्यावर राहिलेला पेंढा शेतातच जाळायची पद्धत १९४० च्या दशकाच्या शेवटी रुळली, कारण बियाण्याची उगवण मारणारा एक बुरशीजन्य रोग आगीनं आटोक्यात येत होता. तिथल्या शास्त्रज्ञांनीच तो उपाय सुचवला होता. वीस वर्षांनी, १२ ऑगस्ट १९६९ रोजी, शेतांचा धूर यूजीन शहरावर उतरला आणि भरदिवसा शहर काळवंडलं. गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी जाळणं तात्पुरतं थांबवलं. लोक अजून त्या दिवसाला काळा मंगळवार म्हणतात.

त्यानंतर तिथं जे उभं राहिलं ते समजून घेण्यासारखं आहे. शेतकऱ्यानं जाळायचं शेत आधी नोंदवायचं, एकरामागे शुल्क भरायचं. हवामानतज्ज्ञ रोज मिश्रणाची उंची आणि वरच्या थरांतला वारा तपासणार. धूर शहरांकडे न जाता डोंगरापलीकडे जाईल अशी हवा असेल, तरच त्या दिवशी कोणत्या भागात, किती एकर, किती ते किती वाजेपर्यंत जाळायचं ते जाहीर होणार. हवा बदलली की परवानगी बंद. आगीची काळजी म्हणून शेताभोवती नांगरलेला पट्टा, पाण्याच्या टाक्या, माणसं. दुपारच्या वाऱ्यात जाळायचं तर एवढी तयारी लागते, हे त्यांनी मान्य केलं होतं आणि शेतकऱ्यांनीही ती शिस्त पाळली.

तरीही ३ ऑगस्ट १९८८ रोजी ऑल्बनी गावाजवळ एक जाळ हाताबाहेर गेला. धूर महामार्गावर लोटला, समोरचं काही दिसेना, गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या आणि ७ माणसं मेली. १९९१ च्या कायद्यानं जाळायचं क्षेत्र टप्प्याटप्प्यानं कमी करत नेलं. २००९ च्या कायद्यानं खोऱ्यातलं बहुतेक सगळं जाळणं बंद झालं. उताराची जमीन आणि काही ठराविक जातींचं बारीक गवत यांच्यासाठी जास्तीत जास्त १५,००० एकर एवढीच सूट राहिली. एकेकाळी तिथं जाळायची मर्यादाच अडीच लाख एकरांच्या घरात होती. मग पेंढ्याचं काय झालं? त्याच्या गाठी बांधून तो जपान आणि कोरियाला गुरांचा चारा म्हणून जहाजानं जाऊ लागला.

मला या कहाणीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोठी शेतं, मोजके शेतकरी, रोजचा हवामान अंदाज, परवाने, शुल्क, पाण्याच्या टाक्या, एवढं सगळं असूनही धुराचं व्यवस्थापन शेवटी न जाळण्याकडेच गेलं. आपल्याकडे एकेका शिवारात शेकडो खातेदार आणि एकेकाचे वीस-तीस गुंठे. ऊस कधी तुटणार ते शेतकरी ठरवत नाही. कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात नंबर लागेल तेव्हा टोळी येते. आज कुणी जाळायचं, उद्या कुणी, हे ठरवणारी यंत्रणा इथं उभी राहणं मला अशक्य वाटतं. आपल्या धुराचं खरं व्यवस्थापन काडी लावायच्या आधीच, पाचटातच करावं लागेल. म्हणून आता पाचटाकडे वळू.

एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकराला तीन-चार टन. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, स्फुरद त्याहून कमी, पालाश एक टक्क्याच्या जवळ आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. हेक्टरी हिशोब मांडला तर ४० ते ५० किलो नत्र आणि ३ ते ४ टन कर्ब. जाळल्यावर पालाश आणि स्फुरद बऱ्याच अंशी राखेत उरतं, पण राख पहिल्या वाऱ्यानं किंवा पहिल्या पाण्यानं एका कोपऱ्यात जाऊन बसते. नत्र आणि कर्ब मात्र जवळजवळ सगळाच धुराबरोबर जातो. नत्राची किंमत काढायची तर एकराला साधारण एक गोणी युरिया आपण आभाळात उधळतो. कर्बाची किंमत काढता येत नाही, कारण तो कोणत्याच दुकानात गोणीत मिळत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या काळ्या रानांत वर्षानुवर्षं पाणी आणि रासायनिक खत देऊन जमिनी चोपण झाल्या, त्यांना आज सगळ्यांत जास्त गरज त्याचीच आहे.

मग शेतकरी का जाळतो? त्याची कारणं खरी आहेत, ती आधी ऐकून घ्यावीत. पाचट सरीत असलं की पाटाचं पाणी अडतं, शेवटापर्यंत पोचत नाही. बैलाची किंवा छोट्या ट्रॅक्टरची अवजारं त्यात गुंततात, बगला फोडता येत नाहीत. उंदीर आणि साप लपतात, आणि रात्रीची वीज असताना पाणी पाजायला जाणाऱ्याला सापाची भीती ही कल्पनेतली नसते. मजूर मिळत नाहीत. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे जाळलेल्या रानातला खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, आधी आणि एकसारखा फुटतो. शेजाऱ्याचं जळलेलं रान पंधरा-वीस दिवसांत हिरवंगार दिसतं आणि पाचट ठेवलेलं आपलं रान पिवळट, विरळ. बांधावरून जाणारा-येणारा बोलून दाखवतो. तेवढ्यानंच पुष्कळांचा धीर सुटतो.

तो पिवळेपणा का येतो हे कळलं की निम्मं काम झालं. पाचट कुजवतात ते जिवाणू आणि बुरश्या. त्यांना अंग धरायला कर्बाबरोबर नत्रही लागतं. पाचटात कर्बाला नत्राचं प्रमाण ऐंशी-नव्वदाला एक असं पडतं. कर्बाचं एवढं मोठं ताट समोर आलं की जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि कमी पडणारं नत्र जमिनीतून उचलतात. तेच नत्र खोडव्याच्या कोंबाला हवं असतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पीक उपाशी राहतं. नत्र कुठं गेलेलं नसतं, जिवाणूंच्या अंगात असतं. ते मेले, कुजले की पुन्हा पिकाला मिळतं. उपाय सरळ आहे. जिवाणूंचं जेवण आपणच वेगळं वाढायचं, म्हणजे ते पिकाच्या ताटात हात घालणार नाहीत.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्रानं आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं वर्षानुवर्षं सांगितलेली पद्धत या एका तत्त्वावर उभी आहे. ती सावकाश, एकेक पायरीनं पाहू.

काम ऊस तुटायच्या आधी सुरू होतं. मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगायचं: तोड जमिनीलगत हवी आणि पाचटाचे ढीग नकोत. वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, टोळीकडे किंवा गुरांसाठी जातं, त्याचा प्रश्न नाही. तोड झाल्यावर बुडख्यांवर पडलेलं पाचट ओढून सरीत घ्यायचं, बुडखा उघडा ठेवायचा. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी. बुडख्याला ऊन लागलं तर कोंब जोमानं फुटतो. थंडीत तो पाचटाखाली दबला तर कुढत राहतो. पाचट ठेवूनही खोडवा साधला नाही असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ही एक पायरी गाळलेली असते. सरी अरुंद असेल आणि पाणी अडायची भीती असेल, तर एकाआड एक सरीत पाचट भरायचं आणि मधली सरी पाण्यासाठी मोकळी ठेवायची. ठिबक असेल तर हा प्रश्नच येत नाही. ट्रॅक्टरवरचं कुट्टी यंत्र मिळालं तर पाचटाचे तुकडे होतात, ते लवकर बसतं आणि लवकर कुजतं.

मग बुडखे छाटायचे. तोडणाऱ्यानं चार-सहा बोटं वर सोडलेला बुडखा धारदार कोयत्यानं जमिनीबरोबर घ्यायचा. वरच्या डोळ्यांतून येणारे फुटवे उथळ मुळांवर उभे राहतात आणि पुढे लोळतात. जमिनीखालच्या डोळ्यांतले फुटवे जोमदार असतात. छाटलेल्या भागावर बुरशी येऊ नये म्हणून लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन फवारायचं.

आता जिवाणूंचं जेवण. हेक्टरी ८० किलो युरिया आणि १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर पसरायचं आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून टाकायचं. एकराचा हिशोब ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. लगेच पाणी द्यायचं. पहिलं पाणी सावकाश जातं, शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं. तेवढं सोसावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला पाचट दबलेलं असतं आणि पाणी सुरळीत वाहतं.

खत कसं द्यायचं, हा पुढचा प्रश्न, कारण सरी पाचटानं भरलेली. त्यासाठी पहार. बुडख्यापासून अर्ध्या फुटावर पहारीनं अर्धा फूट खोल भोक पाडायचं, त्यात खताची मूठ टाकायची आणि फुटभर पुढे सरकून पुन्हा तेच. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका अंगाला, दुसरा १३५ दिवसांच्या सुमारास दुसऱ्या अंगाला. काम किचकट आहे. एकरभर पहार चालवायची तर दोन माणसं दिवस-दोन दिवस वाकून राहतात. पण खत मुळापाशी जातं, उन्हात उडत नाही, पाण्याबरोबर वाहत नाही, आणि तणाच्या तोंडी लागत नाही. बगला फोडायच्या नाहीत, आंतरमशागत नाही, भर घालायची नाही. पाचटाखाली तण फारसं उगवतच नाही, त्यामुळे खुरपणीही वाचते. म्हणजे पहारीला लागलेली मजुरी दुसरीकडे सुटते.

मार्च-एप्रिलमध्ये फरक उघड दिसू लागतो. उघड्या रानाला भेगा पडायला लागतात तेव्हा पाचटाखाली हात घातला तर ओल लागते. दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता येतं. आवर्तन लांबलं किंवा मोटार जळाली तर जाळलेल्या रानातला ऊस सुकतो आणि झाकलेल्या रानातला तग धरतो. कोवळ्या उसाला मारणाऱ्या खोडकिडीचा उपद्रवही पाचटाच्या रानात कमी असतो. पावसाळ्यापर्यंत पाचट काळंभोर होऊन मातीत मिसळतं आणि तेव्हा उकरलं की गांडुळं दिसतात. सुरुवातीला मागे पडलेला खोडवा तोवर जळलेल्या शेजाऱ्याला गाठतो. ज्याला तीन महिने धीर धरता येईल, त्यानंच हे करावं.

पाचट कधीच जाळू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. खवले किडीनं भरलेलं पाचट शेतात ठेवलं तर पुढच्या पिकाला तीच कीड लागते. काणी रोगाचे चाबूक पिशवीत झाकून काढून नष्टच करावे लागतात. असं रोगट पाचट जाळायची वेळ आली तर वर सांगितलेलं सगळं कामाला येतं. संध्याकाळी नाही, अकरा ते तीनच्या मध्ये. आधी चिमूटभर पाचट पेटवून बघायचं: धूर सरळ वर जाऊन पांगतोय की थोडं चढून आडवा होतोय? आडवा होत असेल तर तो दिवस सोडायचा. किडका भाग तेवढाच, शेताच्या मध्ये लहान ढिगांनी, कोरडा. भोवती चार-पाच हातांचा पट्टा झाडून, पाणी मारून ओला करायचा, मोटार चालू आणि पाइप हातात. विजेच्या तारांखाली नाही, रस्त्याकडे वारा असेल तर नाही, जवळ कोप्या असतील तर नाहीच. आणि ऊन कलायच्या आत शेवटची धग पाणी टाकून विझवायची, कारण रात्रभर गावात शिरतो तो धूर बहुधा धुमसणाऱ्या ढिगांचा असतो.

उभा ऊस जाळून तोडायची घाई कुणी सुचवली, तर ती अजिबात ऐकू नये. जळलेल्या उसातली साखर तासातासानं कमी होत जाते, वजन घटतं आणि कारखाने जळीत उसाच्या बिलात कपात करतात. वाढंही जातं. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात असा ऊस जाळायची पद्धत सर्रास होती. २००२ च्या कायद्यानं ती टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. आपल्याकडे हिरवा ऊस तोडायची चांगली रीत पूर्वापार आहे, ती मोडू नये.

एक अडचण राहते आणि ती कोणत्याही शिफारशीत सुटत नाही. तुम्ही पाचट नीट पसरलंत, बुडखे छाटलेत, युरिया टाकलात, आणि चार दिवसांनी शेजाऱ्यानं संध्याकाळी काडी लावली. एक ठिणगी आली की तुमचं सगळं रान पेटतं, आणि आता त्यात कोवळे कोंब आहेत. पाचट राखायला निघालेले कितीतरी शेतकरी या एका भीतीनं शेजाऱ्याच्या आधी स्वतःच जाळून मोकळे होतात. म्हणून या हंगामात टोळी यायच्या आधी बांधावरच्या चारही शेजाऱ्यांना भेटा. त्यांनी पाचट ठेवावं असा आग्रह पहिल्याच वर्षी धरू नका. एवढंच सांगा की माझ्या रानात पाचट आहे. जाळायचं ठरवलंस तर आदल्या दिवशी हाक मार, मी पाइप घेऊन येतो, आणि आपण दोघं मिळून दुपारी जाळू.